खुडलेले शेंडे

अक्का, तुझ्या निधनाची बातमी चार ओळींत बसली. ती मीच लिहिली. नाव, वय, निवृत्त परिचारिका, मागे पती, मुलगी, जावई, भाऊ. अंत्ययात्रेची वेळ. ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द तिच्यात नाहीत. तसे मी तुला कबूल केले होते.

ते शब्द तुला कायम खुपायचे. मी जळगावहून यायचो तेव्हा पिशवीत आमच्या दैनिकाचे जुने अंक असायचे. तू चष्मा लावून आधी निधनवार्तांचे पान काढायचीस आणि एखाद्या बातमीवर बोट ठेवून विचारायचीस, “आजार अल्पसा व्हता तं मानूस मरना कसा? लिव्हनारा डॉक्टर शे का?” सारी नोकरी वॉर्डात गेलेल्या बाईला तो शब्द खोटा वाटायचा. ज्याला होतो त्याला आजार पुरताच असतो, असे तुझे म्हणणे. मी सांगायचो, ही रूढ भाषा आहे, मजकूर घरचे लोक देतात, आम्ही बदलत नाही.

“मंग मन्ही येळले बदल,” तू म्हणालीस.

बदलले. तेवढ्यावर बातमी संपली. बाकीचे बातमीत बसण्यासारखे नव्हते. गुलखैऱ्याचे तर नव्हतेच.

त्या बियांची सुरुवात पिंपळनेरची. तिथल्या दवाखान्याच्या क्वार्टरमागे आधीच्या कुणा सिस्टरने लावलेली ती झाडे होती. माणसाच्या डोक्यावरून जाणारा सरळ दांडा आणि त्याला खालून वर चढत जाणारी वाटीएवढी फुले. गुलाबी, पांढरी, काही गडद, वाळल्या रक्ताच्या रंगाची. नर्सरीवाले त्याला हॉलीहॉक म्हणतात. तू गुलखैराच म्हणायचीस. धुळ्याला बदली झाली तेव्हा सामानाच्या टेम्पोत कापडाच्या पुरचुंडीत बी आले. पुढे साक्री रोडच्या कॉलनीत तुम्ही घर बांधले. घराला लागून विहार. विहाराची भिंत आणि तुमचे अंगण यांच्या मधली लांबट पट्टी कुणाचीच नव्हती. तिथे कॉलनीतले लोक विटांचे तुकडे टाकायचे. तू ते तुकडे उचललेस, माती टाकलीस आणि बी लावलेस. विचारले कुणालाच नाहीस. फुले आल्यावर हरकत घ्यायला कुणी उरले नाही.

पेरणीचा दिवस ठरलेला. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपायचा, विहारातल्या ग्रंथवाचनाची सांगता व्हायची, खीर वाटली जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अंगणात सतरंजी टाकायचीस. त्या सकाळी मी हजर असलो पाहिजे, हा नियम तुझा. कारण कागद माझ्याकडून यायचा. गुलखैऱ्याचे मूळ कपाशीसारखे सरळ खाली जाते, रोप उपटून दुसरीकडे लावले की रुसते. म्हणून तू वर्तमानपत्राचे पान स्टीलच्या ग्लासाला गुंडाळून, तळ दुमडून, कागदाचे पेले करायचीस. त्यात माती आणि रात्रभर भिजवून राखेत घोळवलेले बी. राख मुंग्यांसाठी. रोप बोटभर झाले की पेला तसाच्या तसा जमिनीत. कागद मातीत विरून जायचा.

“अग्रलेखनं पान सगळ्यात मजबूत,” तू म्हणायचीस.

“का बरं?”

“कोरं करकरीत ऱ्हास. कोन्ही वाचत नही ना ते.”

दाजी खुरपे हातात घेऊन मोठ्याने हसायचे. मी हसायचो नाही, म्हणून तू अजून हसायचीस. डेस्कवर बसून बसून माझी बोली सुटली होती. घरात मी छापील मराठी बोलायचो आणि तुम्ही दोघे अहिराणी. “बातम्या देई ऱ्हायना,” असे तू माझ्याबद्दल मी समोर असताना दाजींना सांगायचीस.

एका पानाचा पेला मात्र तू कधी केला नाहीस. निधनवार्तांचे पान तू घडी घालून कपाटात ठेवायचीस. मी एकदा विचारले, याचे काय करणार.

“काय करनार? काहीच नही. पन त्यामा मानसं शेतस,” तू म्हणालीस.

हे तुझ्याकडून मी फार आधी एकदा ऐकले होते, वेगळ्या शब्दांत. मी वार्ताहर म्हणून नवा होतो. महामार्गावर जीप उलटली होती, जखमी तुझ्या वॉर्डात आणले होते आणि मी वही काढून दारातूनच विचारले होते, किती गेले. तू सलाइन लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “आकडा मंग लिव्ह. पहिले नाव इचार.” पुढे बातमीदारीत मला अनेकांनी अनेक गोष्टी शिकवल्या. त्यातल्या बऱ्याच मी विसरलो. ही नाही. नव्या मुलांना मी ती सांगत आलो, कुणाची आहे हे न सांगता. आता सांगतो. तुझी आहे.

आपला वाद फुलांच्या वेळेवरून होता.

आश्विनात लावलेला गुलखैरा माघात फुलतो. नवे वर्ष उजाडून महिना होतो, सकाळी अजून शाल लागते आणि विहाराची ती भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून जाते. फाल्गुन सरेपर्यंत टिकते. चैत्रात उन्हाने दांडे पिवळे पडतात, फुलांच्या जागी बियांच्या चपट्या चकत्या राहतात. आणि तुला फुले हवी असायची चौदा एप्रिलला. जयंतीच्या सकाळी विहाराबाहेर लोक रांगेने उभे असताना भिंतीला आपली फुले असावीत, दांड्यावर उभी, तोडलेली नाही, एवढीच तुझी इच्छा होती. दर वर्षी त्या दिवशी भिंतीला वाळके दांडे असायचे आणि आत बाजारातून आणलेले झेंडूचे हार.

तू बी उशिरा लावून पाहिलेस. दिवाळीनंतर, मग मार्गशीर्षात. ती रोपे मोठी होण्याआधीच ऊन सुरू झाले आणि कमरेपर्यंतही न येता ती करपली. पुढच्या वर्षी भिंतीवर गोणपाट बांधून सावली केलीस. तेही साधले नाही. मी म्हणालो, बाजारात फुले मिळतात, तीही कुणीतरी लावलेलीच असतात.

“इकतनं फूल दुपारलेच मान टाकस.”

“अक्का, झाडाला जयंती कळत नाही. ते त्याच्या वेळेला फुलणार.”

“कळाडसू मी त्याले,” तू म्हणालीस.

मी म्हणालो, हट्ट आहे. तू म्हणालीस, मंग शे हट्ट. दर वर्षी वाद इथवर यायचा आणि इथेच थांबायचा. पुढच्या वर्षी नव्याने सुरू करता यावा म्हणून बहुधा.

यंदाच्या आश्विनात तू सतरंजीवर बसली नाहीस. खुर्चीवर बसलीस. पायांवर सूज होती. छातीचे दुखणे काय आहे ते तुला माझ्यापेक्षा आणि दाजींपेक्षा नीट माहीत होते. रिपोर्ट तू स्वतः वाचत होतीस. पेले मी केले, वेडेवाकडे झाले. माती दाजींनी भरली. बी मात्र तू कुणाला लावू दिले नाहीस. एकेक पेला मांडीवर घेऊन, बोटाने खळगा करून, बी ठेवून, माती दाबून तू पुढे सरकवत होतीस. फुलायला चार महिने घेणारी वस्तू तू अशी लावत होतीस जशी उद्याची भाजी निवडावी. मी ते पाहिले.

पौषात तुला नाशिकला न्यावे लागले. संक्रांत तिथल्या दवाखान्यात गेली. मुलगी परगावी, तिचे मूल लहान, म्हणून तुझ्याजवळ मी राहिलो आणि घर दाजींनी सांभाळले. रोज संध्याकाळी तू फोनवर त्यांना विचारायचीस, जेवले का, गोळ्या घेतल्या का, आणि शेवटी, “झाडे सांभाळा.”

दाजींनी झाडे सांभाळली. हे इथे नीट लिहायला हवे, कारण नंतर कॉलनीत त्याची थट्टा झाली.

दाजींचे लहानपण पारोळ्याकडच्या कपाशीच्या शेतात गेले आणि नोकरी नरडाण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. झाड म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर कपाशी येते, त्यांच्या बोलीत पऱ्हाटी. कपाशी नुसती उंच वाढू लागली, फांद्या धरीना, की माजली म्हणतात आणि तिचे शेंडे खुडतात. वरची वाढ थांबली की जोर बाजूच्या फांद्यांना मिळतो, पाते म्हणजे कळ्या जास्त लागतात. भिंतीजवळचा गुलखैरा त्या दिवसांत नेमका सरळ वर चालला होता. एक दांडा, फांदी नाही, काही नाही. दाजींनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एका टोकापासून सुरुवात केली. गुलखैरा, कपाशी, भेंडी, अंबाडी ही सगळी एकाच कुळातली. दाजींची चूक कुळातल्या कुळात झाली.

आपण नाशिकहून आलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे होते. तू गाडीतून उतरलीस, माझा हात धरलास आणि घरात न जाता भिंतीकडे वळलीस. झाडे गुडघ्याच्या वर होती आणि वरून एका रेषेत सपाट.

“हाई काय शे?”

“शेंडे खुडी टाकात,” दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात काम पुरे केल्याचे समाधान होते. “माजी गयथात. आते देख कशा फुटतीन.”

“कोन्ही सांगं व्हतं तुम्हले?”

“कोन्ही कसाले सांगाले जोयजे? तूच म्हनी, सांभाळा.”

“सांभाळा म्हनी मी. खुडा म्हनी का? पऱ्हाटी शे का ती? तिले शेंडालेच फूल येस! तेच तोडं तुम्ही.”

दाजींनी झाडांकडे पाहिले. मग माझ्याकडे. “भाऊ, मी तं...” एवढे म्हणून ते तुझी पिशवी उचलून घरात गेले.

त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू ते ऐकवलेस. “ह्या आमना घरना कृषी अधिकारी. फुलनं झाड देखं का शेंडा तोडतस.” लोक हसायचे. तूही हसायचीस, उशीला टेकून. दाजी चहाचे कप आणून ठेवायचे आणि आत जायचे. पहिले काही दिवस त्यांनी उलट टोले दिले. मग बोलणे कमी केले. एकदा स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभे असताना त्यांनी मला हळू विचारले, “भाऊ, ती शे तवलोंग फुलतीन ना?”

ती आहे तोवर. त्यांनी हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते. मी म्हणालो, झाडांचे मला कळत नाही. ते खरे होते आणि उत्तर म्हणून निरुपयोगी होते.

आता ती दुपार. दाजी तुझी औषधे आणायला गेले होते. तू उन्हात खुर्ची मागितलीस, भिंतीजवळ. मी शेजारी उभा होतो. तू वाकून एक खुडलेला दांडा आपल्याकडे ओढलास.

“आठे देख, पेपरवाला.”

प्रत्येक पानाच्या देठाशी, दांड्याला चिकटून, एकेक फुटवा निघाला होता. बोटाच्या पेराएवढा. एका दांड्याच्या जागी पाच-सहा होऊ घातले होते.

“माघमा फुलनारं झाड,” तू म्हणालीस, “आते चैतमा फुली. जयंतीले.”

शेंडा गेला म्हणून बहर नेमका दोन महिने मागे पडणार होता.

“इतला वरीस हाई मन्हा डोकामा उनं नही. बी उशिरा लावं, गोणपाट बांधं, बठ्ठं करं. अन हाऊ मानूस कापूस समजीसन करी बसना!” तू हसू लागलीस. हसता हसता दम लागला, मी पाण्याचा ग्लास दिला, तो तू हातातच धरून ठेवलास आणि परत हसलीस.

“मग सांग ना त्यांना,” मी म्हणालो. “मनाला लावून घेतलंय त्यांनी.”

“आते नही. जयंतीले सांगसू. विहारमा, बठ्ठास्ना समोर. भिंतले फुले ऱ्हातीन, तठे उभं करसू त्यास्ले अन सांगसू.”

“आणि तोवर?”

“तवलोंग ऐकतीन थोडं. सवय शे त्यास्ले.” मग तू बोट वर केलेस, लहानपणी मला गप्प करताना करायचीस तसे. “छापू नको. मी सांगसू. तू नही.”

मी होकार दिला. तुला एप्रिल दिसत होता का, हे मी विचारले नाही. तू रिपोर्ट वाचले होतेस. तरी ‘सांगसू’ म्हणालीस. तुझ्या तोंडी तो शब्द बेत म्हणून आला की नुसता आवडला म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. विचारले असते तर तू म्हणाली असतीस, बातमी कर आता याची.

माघ सरताना तू गेलीस. दर वर्षी त्या दिवसांत भिंत भरलेली असते. यंदा ती हिरवी होती, नुसती हिरवी. तुझ्यावर बाजारातला झेंडू आणि शेवंती होती. तुला उचलले तेव्हा दाजींनी एकदा भिंतीकडे पाहिले. शेजारी मी होतो, म्हणून मला दिसले.

जलदानविधी झाला. माणसे पांगली, खुर्च्या टेम्पोत गेल्या, मंडपाचे बांबू निघाले. तुझी मुलगी आत भांडी आवरत होती. मी जळगावला निघायच्या तयारीत होतो. दाजींचा निरोप घ्यायला बाहेर आलो तर ते भिंतीशी उभे होते आणि त्यांच्या हातात कुदळ होती.

“काय करताय, दाजी?”

“जागा खाली करी ऱ्हायनू.”

“झाडं जिवंत आहेत.”

“शेतस जिवंत. दखास माले.” त्यांनी पहिल्या झाडाच्या बुडाशी कुदळ टेकवली, पण मारली नाही. “मी हात लावता नही तं ती खाटवरतीन देखती. खिडकीमातीन बठ्ठी भिंत दखास. दर वरीसले देखे.” मग ते कठड्यावर बसले. “मी तिले फूल देखू दिधं नही, भाऊ. इतलंच शे.”

अक्का, त्या वेळी माझ्याजवळ तुझे वाक्य होते आणि तू ते छापू नको म्हणाली होतीस.

आमच्या धंद्यात याचा एक नियम आहे. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करण्याची परवानगी त्याच माणसाने द्यायची असते. तो माणूस गेला म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. मी हा नियम पाळत आलो आणि दुसऱ्यांना पाळायला लावला. त्या हिशेबाने मी गप्प राहायला हवे होते. जयंतीला फुले आली असती तर आली असती, आणि दाजींना ती नुसती फुले दिसली असती, उशिरा आलेली. कुदळ खाली आली असती तर तेही नाही.

मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितले. बातमी सांगावी तसे सांगितले, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही. केव्हा, कुठे, काय म्हणाली.

संपल्यावर दाजींनी विचारले, “कोठे बठेल व्हती?”

मी जागा दाखवली.

“कसं म्हनी? तसंच सांग. तुन्ही पेपरनी भाषा नको.”

मग मी तुझ्या शब्दांत सांगितले. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडी अहिराणी आली, ती तुझी आली. ‘हाऊ मानूस कापूस समजीसन करी बसना’ इथे त्यांनी हात वर केला.

“‘हाऊ मानूस’ म्हनी?”

“हो. ‘हाऊ मानूस’.”

“हासनी का?”

“दम लागेपर्यंत.”

त्यांनी मान हलवली. मग अचानक म्हणाले, “म्हंजे माले फुकट बोलनी ती? येनारा-जानारास्ना समोर? कृषी अधिकारी?” त्यांना हसू आले आणि ते हसू मध्येच मोडले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले. मी विहाराच्या दाराकडे पाहत बसलो.

“परत सांग,” ते म्हणाले.

परत सांगितले.

त्यांनी कुदळीची माती पायाने काढली आणि ती उचलून मागच्या शेडमध्ये ठेवून आले. येताना पाण्याची नळी ओढत आणली. पाणी सोडण्याआधी एका झाडापाशी उकिडवे बसले, फुटवे बाजूला करून आत पाहिले आणि शेतातला माणूस बोलतो तशा मोकळ्या आवाजात म्हणाले, “पाते लागनात, भाऊ.”

लागली होती. हिरवी, घट्ट मिटलेली, हरभऱ्याच्या घाट्याएवढी.

हे लिहितो आहे तोवर एकही उघडलेले नाही. ऊन वाढले आहे. दाजी सकाळ-संध्याकाळ पाणी देतात आणि फोनवर मला एवढेच सांगतात, आज नाही. जयंतीला उघडतील की त्याआधी उन्हात गळतील, हे मी सांगू शकत नाही. उघडली तर विहारात सगळ्यांसमोर दाजी बोलणार आहेत. तू जे सांगणार होतीस तेच, आणि तुझे नाव घेऊन. ‘ती म्हनी’ असे सुरू करणार, असे त्यांनी ठरवले आहे. मला त्यांनी एकदा म्हणून दाखवले. एक शब्द चुकला होता, मी दुरुस्त केला. तुझा शब्द मी मोडला तो असा. राग आला असेल तर तो वाद आपल्याला पुढे चालवता येणार नाही, हे मला मान्य आहे.

त्या दिवशी मी निघताना दाजी गेटपर्यंत आले. तुझी बातमी असलेले पान त्यांनी घडी घालून तुझ्याच कपाटात, त्या इतर पानांवर ठेवले आहे. आश्विनात जुने अंक घेऊन ये, म्हणाले. पेले ते करतील, माझे वेडेवाकडे होतात. बी या झाडांचेच घ्यायचे. मी म्हणालो, आता पद्धत सापडली आहे, पुढल्या वर्षीही संक्रांतीला शेंडे खुडायचे, म्हणजे जयंतीची फुले पक्की.

दाजींनी भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“अर्धा खुडसूत,” ते म्हणाले. “अर्धा नही.”

तू माघात गेलीस. न खुडलेला गुलखैरा माघात फुलतो, अक्का.